बाटली आडवी झाली, पिणाऱ्याचं काय?

जून २०२५ मध्ये राज्य सरकारने मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं. तिजोरीत वर्षाला चौदा हजार कोटींची भर पडेल असं सांगितलं गेलं आणि नेहमीच्या दोन फळ्या समोरासमोर उभ्या राहिल्या. एक म्हणाली, दारूच्या पैशावर राज्य चालवणं लाजिरवाणं आहे. दुसरी म्हणाली, बंदी आणून कुठे काय साधलं, उलट हातभट्टी वाढते. २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याची दारूबंदी उठवली तेव्हा हेच झालं होतं. २७ जानेवारी २०२२ ला सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हाही हेच. त्या वेळी द्राक्षबागायतदारांवर बोललं गेलं, संस्कृतीवर बोललं गेलं, वाइन ही दारू की नाही यावर चॅनेलांनी रात्रीच्या रात्री घालवल्या. त्याच २७ जानेवारीला पुण्यात अनिल अवचट गेले. त्यांनी आणि डॉ. अनिता अवचट यांनी उभ्या केलेल्या ‘मुक्तांगण’ने १९८६ पासून दारू आणि गर्दच्या विळख्यातली हजारो माणसं घरी परत पाठवली. दोन्ही बातम्या एकाच दिवसाच्या. पण मी ऐकलेल्या एकाही चर्चेत त्यांची गाठ कुणी घालून दिली नाही.

मला या वादातलं हेच खटकतं. दारू विकावी की विकू नये यावर आपण शंभराहून अधिक वर्षं भांडतो आहोत. ज्याला ती सोडायची आहे त्याने आज संध्याकाळी कुठे जायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. माझं म्हणणं असं, की प्रत्येक तालुक्याच्या गावी, एसटीने जाऊन रात्री घरी परतता येईल इतक्या अंतरावर, दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांचा एक स्वमदत गट असला पाहिजे. त्याचा पत्ता, वार आणि वेळ देशी दारूच्या दुकानाइतकी सहज सापडली पाहिजे. बंदी राहो वा उठो, कर वाढो वा घटो, ही गरज तशीच राहते. आणि ती आज भागत नसेल तर पैशाची अडचण हे त्याचं कारण नाही, कारण हे गट जवळजवळ फुकट चालतात. दारुड्याकडे आपण कधी गुन्हेगार म्हणून पाहतो, कधी रोगी म्हणून, कधी गिऱ्हाईक म्हणून. दुसऱ्या दारुड्याच्या उपयोगी पडू शकणारा माणूस म्हणून त्याच्याकडे पाहायला आपण तयार नाही.

प्रश्न केवढा आहे ते आधी पाहू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी. त्यांतले सुमारे २ कोटी ९० लाख लोक दारूवर पूर्ण अवलंबून, म्हणजे शरीर ती मागतं आणि न मिळाल्यास बंड करतं अशा अवस्थेतले. अशा ३८ जणांमागे एकालाच कसले ना कसले उपचार मिळाले होते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेला १८० जणांमागे एक. उरलेले सदतीस जण काय करतात? मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतात. बुवाकडे जाऊन दोरा बांधून येतात. घरची माणसं ‘न सांगता दारू सोडवा’ ही जाहिरात वाचून चहात पूड कालवतात. डायसल्फिरामची, म्हणजे दारू अंगावर उलटवणारी, गोळी अशी चोरून दिली आणि त्यावर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो, हे त्या पुडीवर लिहिलेलं नसतं. काहींना पहाटे उचलून एखाद्या केंद्रात कोंडतात. तिथे डॉक्टर आहे की नुसता दांडका, हे घरच्यांनाही माहीत नसतं. तीन महिन्यांनी माणूस बाहेर येतो. घर तेच, नाका तोच, दोस्त तेच, आणि संध्याकाळचे सात वाजलेले असतात.

हे सात वाजणं ज्याने अनुभवलेलं नाही त्याला या प्रश्नाची धग कळत नाही. सकाळी उठून ‘आजपासून बंद’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. सकाळी ते खरंच असतं. कामावरून सुटल्यावर हाताला, जिभेला, पायांना जी ओढ लागते तिच्यापुढे सकाळचा निर्धार टिकत नाही. हे रोज होतं, वर्षानुवर्षं होतं, आणि शेवटी घरचे त्याच्या सकाळवरही विश्वास ठेवणं सोडून देतात.

दारूबंदीवाल्यांचं म्हणणं मी हलक्यात काढत नाही. महात्मा फुल्यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना लेखी विरोध केला. टिळकांच्या अनुयायांनी १९०८ मध्ये पुण्यात गुत्त्यांसमोर निदर्शनं केली. गडचिरोलीत लोकांच्या मोठ्या चळवळीनंतर १९९३ मध्ये जिल्हाबंदी आली. गावोगावच्या बायकांनी मतदान करून उभी बाटली आडवी केली. मार खाल्लेल्या, घरातली भांडी विकली गेलेली पाहिलेल्या बायकांचा तो राग आहे आणि तो शंभर टक्के खरा आहे. दुकानं कमी झाली, किंमत वाढली की एकूण पिणं कमी होतं, नवी पोरं त्या वाटेला कमी जातात, हेही जगभर दिसलेलं आहे. कुणी म्हणेल, मग तेवढं पुरे नाही का? नाही. बंदी नव्या पिणाऱ्याला अडवते. जो आधीच बुडालेला आहे त्याचं ती काय करते? टाळेबंदीने या प्रश्नाचं उत्तर आपल्याला दाखवलं. मार्च २०२० मध्ये दुकानं एका रात्रीत बंद झाली. केरळात आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या आणि तिथल्या सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. उच्च न्यायालयाने तो थांबवला. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळेना म्हणून माणसांनी सॅनिटायझर प्यायलं आणि ती मेली. त्या माणसांना बंदी मिळाली होती. बसायला जागा आणि बोलायला माणूस मिळाला नव्हता.

समोरच्या फळीचं म्हणणं असं, की प्रौढ माणसाने काय प्यावं हे सरकारने ठरवू नये. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. पण ज्याचे हात सकाळी पेला तोंडाशी नेईपर्यंत थरथरतात, त्याच्या स्वातंत्र्याची भाषा करताना जरा थांबायला हवं. त्याचं स्वातंत्र्य दुकानदाराने काढून घेतलेलं नाही आणि सरकारनेही नाही, पण ते गेलेलं आहे. ते परत कसं मिळवायचं, यावर स्वातंत्र्यवाद्यांनी काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

आता गटाकडे येते. ही कल्पना अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी जन्मली. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा, शेअरबाजारातला माणूस तिथे एका व्यवहारासाठी आला होता. व्यवहार फिसकटला. काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेला तो माणूस हॉटेलात एकटा, खिशात पैसे कमी आणि समोर बार. त्याने बारकडे न जाता चर्चच्या लोकांना फोन लावायला सुरुवात केली. मागणी एवढीच, की मला एखाद्या दारुड्याशी बोलायचं आहे. अखेर त्याची गाठ तिथल्याच डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी घालून दिली गेली. डॉक्टर पाहुण्याला पंधरा मिनिटं द्यायला तयार झाले होते. दोघं कित्येक तास बोलत बसले. डॉ. बॉब यांनी १० जून १९३५ नंतर दारू घेतली नाही आणि ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’, म्हणजे ‘एए’, तोच आपला स्थापनादिवस मानते. या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग अनेकदा निसटतो. विल्सन त्या डॉक्टरला वाचवायला गेला नव्हता. आपण पिऊ नये म्हणून गेला होता. त्याच्या लक्षात आलं होतं, की दुसऱ्या बुडणाऱ्याशी बोलत असताना आपली ओढ ओसरते. पिणाऱ्याला उपदेश करणारे आजवर हजारो झाले. ‘तू माझ्याशी बोललास तर मी आज वाचेन’ असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. ज्याला सगळ्या जगाने कुचकामी ठरवलं, त्याला पहिल्याच दिवशी काम मिळालं.

‘एए’ भारतात १९५७ मध्ये आली. आज मुंबई, पुणे, गोव्यात कुठे शाळेच्या वर्गात, कुठे चर्चच्या आवारात तिच्या सभा भरतात. यांतल्या काही सभा खुल्या असतात, म्हणजे कुणीही येऊन ऐकू शकतं. बंद सभांना फक्त पिणारे किंवा सोडलेले. खुल्या सभांना मी बसले आहे, त्यामुळे जे लिहिते ते पाहिलेलं आहे. वेळ बहुधा संध्याकाळची, नेमकी गुत्त्याची. तास-दीड तास. त्या दिवसापुरता एक जण सभा चालवतो. एकेक जण नाव सांगतो, आडनाव नाही, आणि स्वतःला मद्यपी म्हणवून बोलायला लागतो. कुणी मध्येच बोलत नाही, कुणी सल्ला देत नाही, ‘असं कसं केलंस’ विचारत नाही. शेजारी बँकेतला अधिकारी आणि हमाली करणारा माणूस बसलेला असतो आणि दोघांच्या हकिगतीतला लपवलेला खंबा कपाटाच्या त्याच कोपऱ्यात असतो. कायमची सोडा असं तिथे सांगत नाहीत, आजचा दिवस पिऊ नका एवढंच. उद्याचं उद्या. वर्गणी नाही, नोंदवही नाही. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल त्याने दहा-वीस टाकावे, चहाचे आणि खोलीच्या भाड्याचे. नव्या माणसाच्या हातात दोन-तीन जण आपला फोन नंबर ठेवतात: प्यायच्या आधी फोन कर, नंतर नको. पुन्हा प्यालेला परत आला तर त्याला हाकलत नाहीत. तो बोलतो तेव्हा जुने लोक जास्त लक्ष देऊन ऐकतात, कारण त्याने सांगितलेलं त्यांच्यावरही उद्या येऊ शकतं.

‘ज्याला सोडायची तो सोडतो, इच्छाशक्ती पाहिजे,’ असं म्हणणारे घरोघर आहेत. कुणाच्याही मदतीवाचून सोडलेली माणसं खरोखर असतात, त्यांची संख्याही कमी नाही. पण त्यांच्या उदाहरणावरून बाकीच्यांना जोखायचं, तर मग मधुमेह पथ्याने आवरलेल्या एकाकडे बोट दाखवून बाकीच्यांचं इन्सुलिन काढून घ्यावं लागेल. इच्छाशक्ती ही एकट्याने छातीत बाळगायची वस्तू आहे, असं आपण का धरून चाललो? महाराष्ट्रातल्या माणसाला तर हे सांगायलाच नको. माळ घातलेला माणूस दारू-मटण सोडतो आणि वर्षानुवर्षं ते पाळतो, ते काय एकट्याच्या बळावर? एकादशी असते, गुरुवारचं भजन असतं, दिंडी असते, ‘आज बुवा दिसले नाहीत’ म्हणून दारात येऊन चौकशी करणारा टाळकरी असतो. खेड्यापाड्यांत गेल्या कित्येक पिढ्यांत दारूतून बाहेर पडलेली जी माणसं दिसतात, त्यांतली बरीच या वाटेने बाहेर आली आहेत. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि दारू सोडण्याचं उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. चारचौघांत स्वतःच्या तोंडाने बोललेलं माणसाला बांधून ठेवतं, हे ॲक्रनच्या बातमीची वाट न पाहता आपल्याकडे कळलेलं होतं.

इथून पुढचा आक्षेप आपोआप येतो: मग हे धार्मिकच झालं की. आक्षेप योग्य आहे. ‘एए’ने दारूतून बाहेर पडण्याची वाट बारा पायऱ्यांत मांडली आहे आणि त्यांतल्या निम्म्यांमध्ये देवाचा उल्लेख आहे. ‘जसा आम्हाला उमगला तसा’ अशी सवलत सोबत असली, तरी विवेकवादी माणसाला, किंवा देव-देवळाच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसलेल्या समाजातल्या माणसाला ते शब्द घशाखाली उतरत नाहीत. त्याला ‘अहंकार सोड’ म्हणून दटावणं हा अन्याय आहे. पण याचं उत्तर गटच नको असं कसं असेल? देवाशिवायचे गट काढावेत. ‘मुक्तांगण’मध्ये दारू सोडलेली माणसंच पुढे समुपदेशक झाली, वेगवेगळ्या गावांत पाठपुराव्याचे गट बसू लागले, त्या कामाचा पाया माणसांचा माणसांशी असलेला संबंध हाच आहे. बुद्धविहारात पंचशीलातलं पाचवं, नशेपासून दूर राहण्याचं शील दर पौर्णिमेला एकत्र म्हणणाऱ्यांनी तिथेच आठवड्याला एक संध्याकाळ या कामाला दिली, तर ते शील म्हणणाऱ्याच्या रोजच्या जगण्यापर्यंत पोचेल. एकाला विठ्ठल लागेल, एकाला बुद्ध, एकाला कुणीच नको. खोली आणि वेळ मात्र तिघांनाही लागेल.

पुराव्याचा आक्षेप जास्त गंभीर होता. वैद्यकीय संशोधनाचा एकत्रित आढावा घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ने २००६ मध्ये ‘एए’ उपयोगी पडते याचा निःसंदिग्ध पुरावा नाही असं म्हटलं होतं आणि अनेक डॉक्टर आजही तेवढंच सांगतात. पण २०२० मध्ये त्याच ‘कॉक्रेन’ने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त माणसांचा नवा आढावा काढला. बारा पायऱ्यांच्या गटाशी माणसाला शिस्तीने जोडून देणं हे मानसोपचाराच्या इतर प्रस्थापित पद्धतींइतकंच परिणामकारक ठरतं, आणि पूर्ण, सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत तर अधिक, असा त्याचा निष्कर्ष. शिवाय खर्च कमी. ‘जोडून देणं’ या शब्दांपाशी थांबा. पत्ता लिहिलेला कागद हातात देऊन हा परिणाम आला नाही. कुणीतरी सोबत गेलं, पुढच्या आठवड्यात ‘गेला होतास का’ विचारलं, तेव्हा आला. गोव्यातला एक अनुभवही इथे सांगण्यासारखा आहे. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगात’ संस्थेने डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांकरवी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या बैठकांत बोलण्याचा प्रयोग केला. नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याचा परिणाम चांगला आला. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो छापला. हा स्वमदत गट नव्हे, हे मी जाणून आहे. पण दारूवर बोलायला पदवीच लागते हा समज त्याने खोडून काढला, आणि तोही आपल्या शेजारी.

माझ्या मते सगळ्यात बळकट आक्षेप गावाचा आहे. मुंबईत नाव लपवता येतं. तीन हजार वस्तीच्या गावात कोण कुठे शिरला हे चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत कळतं. तिथे कसली गुप्तता? आक्षेप बिनतोड वाटतो, पण उलटून पाहा. त्या गावात त्याचं पिणं कुणापासून लपलेलं आहे? गटारीजवळून त्याला उचलून आणणाऱ्यांना माहीत आहे, शाळेत त्याच्या पोराला चिडवणाऱ्यांना माहीत आहे. गुप्त ठेवायची गरज पडते ती त्याच्या सुधारण्याच्या प्रयत्नाची, कारण तो फसला तर हसायला सगळे टपलेले असतात. ही लाज गावाने निर्माण केली आहे आणि गावच ती कमी करू शकतं. तोवर तालुक्याच्या गावी जावं, किंवा शेजारच्या तालुक्याला जावं. बाजाराच्या दिवशी सभा ठेवली तर कुणाला कारण सांगावं लागत नाही. सभेत ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही हा नियम मी पाहिला तिथे तरी कसोशीने पाळला जातो. ज्यांची स्वतःची गोष्ट त्याच खोलीत सांगितली गेली आहे, ते दुसऱ्याची बाहेर नेताना दहादा विचार करतात.

बायकांपुढे मात्र ही भिंत दुप्पट उंच आहे. पिणाऱ्या बाईला आपला समाज रोगी मानायलाही तयार नाही, आणि पुरुषांनी भरलेल्या खोलीत तिने जाऊन बोलावं ही अपेक्षा क्रूर आहे. तिच्यासाठी वेगळी सभा हवी. कोविडनंतर रुळलेल्या ऑनलाइन सभा तिला आज तरी सगळ्यात जवळच्या आहेत. पिणाऱ्याच्या बायकोचा प्रश्न वेगळा. तिने त्याच्या खोट्या रजेच्या चिठ्ठ्या लिहिल्या, उधारी फेडली, सासूचे टोमणे ऐकले, आणि तरीही ‘तूच त्याला नीट सांभाळलं नाहीस’ हे तिलाच ऐकावं लागतं. बिल विल्सनच्या पत्नीने, लोइसने, १९५१ मध्ये कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’ सुरू केलं. ‘मुक्तांगण’ने बायकांसाठी ‘सहचरी’ गट सुरू केला. नवरा सभेला जायला तयार नसला तरी बायको जाऊ शकते, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. ती गेली तर नवरा लगेच सुधारतो असं नाही. तिची स्वतःची झोप आणि शुद्ध परत येते, आणि तेवढ्यासाठी जायलाही तिला पूर्ण हक्क आहे.

एवढं सगळं पटलं, तर पुढची मागणी होते: सरकारने योजना काढावी. इथे मी मागे सरते. १८४० मध्ये बाल्टिमोर शहरात सहा दारुड्यांनी मिळून ‘वॉशिंग्टोनियन’ चळवळ सुरू केली होती. आपापली कहाणी सांगायची, एकमेकांना सावरायचं, ‘एए’च्या जवळपास शंभर वर्षं आधी. पाहता पाहता लाखोंची सभासदसंख्या झाली. मग तीत दारूबंदीचे राजकारणी शिरले, भाषणबाज शिरले, आणि काही वर्षांत ती विरून गेली. ‘एए’ने त्यातून शिकून घेतलं: कुठल्याही वादात बाजू घ्यायची नाही, बाहेरचा पैसा घ्यायचा नाही. धनाढ्य जॉन रॉकफेलर (धाकटे) यांच्याकडे आरंभीचे कार्यकर्ते मोठी रक्कम मागायला गेले तेव्हा त्यांनी थोडकेच पैसे दिले; पैशाने हे काम बिघडेल, असं त्यांचं मत पडलं. आपल्याकडे एखाद्या योजनेखाली गट आले की काय होईल? उद्दिष्ट येईल, हजेरीपट येईल, उद्घाटनाला आमदार येतील, फोटोत माणसांचे चेहरे येतील. त्या दिवशी गट संपला.

सरकारने दार उघडून द्यावं आणि बाजूला व्हावं. ग्रामीण रुग्णालयात ओपीडी दुपारनंतर ओस पडते. त्यातली एक खोली आठवड्यातून दोन संध्याकाळी द्यावी. दारूमुळे दाखल झालेल्याला घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर औषधांखाली जवळच्या गटाचा वार आणि वेळ लिहावी, आणि आशाताईने पुढच्या आठवड्यात विचारावं. पोलीस ठाण्यात, कौटुंबिक न्यायालयात, साखर कारखान्याच्या आणि एमआयडीसीच्या गेटवर तीच पाटी असावी. महाराष्ट्रात कायद्याने दारू प्यायला परवाना लागतो आणि तो ‘आरोग्य राखण्यासाठी’ म्हणून दिला जातो. मग त्या परवान्याच्या मागच्या बाजूला व्यसनमुक्तीचा नंबर छापायला कुणाची हरकत आहे? बाटलीवर एप्रिल २०१९ पासून इशारा सक्तीचा आहे. ‘हानिकारक आहे’ हे पिणाऱ्याला कुणापेक्षाही जास्त ठाऊक असतं. पुढे काय, ते छापा. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मदतवाहिनी आहे, १४४१६ ही मानसिक आरोग्याची. चौदा हजार कोटींची बेरीज करणाऱ्या राज्याला हे पाच अंक बाटलीवर छापणं जड नाही.

हे वाचणाऱ्यांत स्वतः पिणारा किंवा पिणाऱ्याच्या घरचा कुणी असेल, तर त्याच्यासाठी थोडं. रोज पिणं असेल, सकाळी हात थरथरत असतील, तर गटाच्या भरवशावर एका रात्रीत बंद करू नका. पहिल्या दोन ते चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आणि ते जिवावर बेततं. आधी डॉक्टरकडे, मग किंवा सोबतीने गट. पहिल्यांदा जायच्या आधी फोन करून विचारा, सभा खुली आहे का, कुठल्या भाषेत चालते, दारात कोण भेटेल. एकट्याने पायरी चढवत नसेल तर गटातला कुणी नाक्यावर घ्यायला येतो, नुसतं सांगावं लागतं. पहिल्या दिवशी बोलायलाच पाहिजे असं नाही. एक गट मानवला नाही तर दुसरा पाहा, कारण गटागटांत फार फरक असतो. कुठे एखादा जुना माणूस दादागिरी करतो, कुठे डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगतात. गोळ्या बंद करायला सांगणारा चुकतो आहे. त्याचं ऐकू नका. आणि ज्या केंद्रात घरच्यांना भेटू देत नाहीत, डॉक्टरचं नाव सांगत नाहीत, बाहेर पडल्यावर पाठपुराव्याला कुठे यायचं हे सांगता येत नाही, तिथे माणूस ठेवू नका.

गावातल्या ज्या बायका बाटली आडवी करायला रांगेत उभ्या राहतात, त्यांच्यासमोर मी हाच मुद्दा ठेवते. ग्रामसभेत ठराव मांडाल तेव्हा त्यात दुसरं कलम घाला: समाजमंदिराची किंवा शाळेची अमुक खोली, दर मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी सात ते साडेआठ, दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी राखीव, किल्ली त्यांच्यापैकीच एकाकडे, ग्रामपंचायत सदस्य, पत्रकार आणि फोटो आत नकोत. दुकान बंद व्हायला मतदान लागतं, कलेक्टरची सही लागते, कधी कोर्टाच्या तारखा लागतात. या दुसऱ्या कलमाला तुमच्या सरपंचाची सही पुरते, आणि ते ठरावाच्या दुसऱ्या दिवसापासून अंमलात येऊ शकतं.